ग्रीक व रोमन संस्कृती : परीक्षेची पूर्वतयारी कशी करून घ्यावी?



शाळाभेटींच्या निमित्ताने गावोगावी फिरत असता एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले पुढे अकरावी-बारावीस किंवा महाविद्यालयात इतिहास हा विषय घेतात, आणि सुटीत गावी आली म्हणजे वही-पुस्तक घेऊन आपल्या जुन्या गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ मध्ये काढलेल्या अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात तीन खंडांवर पसरलेल्या रोमन साम्राज्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पदवीच्या वर्गांत ग्रीसचाही अभ्यास करावा लागतो. आपल्यापैकी काही शिक्षक बहिःस्थ विद्यार्थी म्हणून अशा परीक्षांस बसतात. तेव्हा "साहेब, ही नावे मुळी जिभेवर बसत नाहीत, मग ध्यानात राहावी कशी?" असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नास माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. यात सांगितलेल्या रीती ग्रीस व रोम यांच्यापुरत्या असल्या, तरी चौथीच्या शिवकालाच्या पाठासही त्या लागू पडतात, हे सुज्ञ शिक्षकांच्या सहज लक्षात येईल.

१. प्रारंभ ओळखीच्या शब्दांपासून

परका विषय शिकवावयाचा तर तो परका नाही, हे आधी दाखवावे. आपण दर महिन्यास ज्या केंद्रशाळेत शिक्षण परिषदेस जातो, त्यातील 'केंद्र' हा शब्द मूळचा ग्रीक आहे. 'केंट्रॉन' म्हणजे टोचणी, कंपासचे टोक. ज्योतिषाच्या ग्रंथांतून तो संस्कृतात आला व तेथून मराठीत रुळला. पंचांगातील 'होरा' हाही ग्रीक शब्द. 'दाम' हा शब्द 'द्रम्म'वरून व तो ग्रीकांच्या 'द्राख्मा' या नाण्यावरून आला. 'दीनार' हा रोमनांच्या 'देनारियस'वरून. जुलै व ऑगस्ट ही महिन्यांची नावे ज्युलियस सीझर व ऑगस्टस यांची आहेत. विद्यापीठाची 'सिनेट' रोमची, आणि मॅरेथॉनची शर्यत ज्या गावावरून ओळखली जाते ते गाव ग्रीसमधील. तथापि ही शर्यत प्राचीन खेळांत नव्हती. १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ती सुरू झाली.

एवढे शब्द फळ्यावर लिहिले, तर पहिल्या तासाचे कार्य झाले असे समजावे.

२. देश आणि काळ

नकाशा काढल्यावाचून ग्रीस समजत नाही. डोंगरांनी तुकडे पाडलेली भूमी आणि तिच्या आत शिरलेला समुद्र हे रेखाटले, म्हणजे तेथे एक राज्य न होता शेकडो स्वतंत्र नगरराज्ये का झाली, याचे निम्मे उत्तर मुलाच्या हाती येते. उरलेले निम्मे असे की, थोडी शेतजमीन आणि जवळचा समुद्र यांमुळे ते लोक व्यापार व वसाहती यांकडे वळले. विद्यार्थ्याने तीन नकाशे स्वतःच्या हाताने काढावेत : इ. स. पू. ४३१ मधील अथेन्स व स्पार्टा यांचे मित्रसंघ, इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला त्या वेळचे त्याचे साम्राज्य, आणि इ. स. ११७ मध्ये सम्राट ट्रेजनच्या अखेरीस सर्वांत विस्तारलेले रोमन साम्राज्य. छापील नकाशा पाहणे वेगळे आणि तो हाताने काढणे वेगळे.

काळासाठी दोरी घ्यावी. एक वीत म्हणजे शंभर वर्षे असे प्रमाण धरले, तर इ. स. पू. ८०० ते इ. स. ५०० हा सर्व काळ तेरा विती दोरीत मावतो. वर्गाच्या एका भिंतीवर ती सहज ताणता येते. तिला पुढील बारा गाठी माराव्यात :

इ. स. पू. ७७६ : परंपरेने मानलेले पहिले ऑलिंपिक खेळ.
इ. स. पू. ५९४ : अथेन्समध्ये सोलोनच्या सुधारणा, कर्जापायी गुलाम करण्याची चाल बंद.
इ. स. पू. ५०९ : परंपरेप्रमाणे रोममध्ये राजेशाहीचा शेवट.
इ. स. पू. ५०८ : क्लायस्थेनीसची नवी राज्यरचना, अथेन्सच्या लोकशाहीचा पाया.
इ. स. पू. ४९० व ४८० : मॅरेथॉन व सॅलमिस येथे इराणी सैन्याचा पराभव.
इ. स. पू. ४३१ ते ४०४ : अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध.
इ. स. पू. ३२३ : अलेक्झांडरचा मृत्यू.
इ. स. पू. २६४ ते १४६ : रोम व कार्थेज यांची तीन युद्धे.
इ. स. पू. ४४ : ज्युलियस सीझरचा वध.
इ. स. पू. २७ : ऑगस्टसच्या हाती सत्ता.
इ. स. ७९ : व्हेसुव्हियसचा उद्रेक, पॉम्पेई नगराचा नाश.
इ. स. ४७६ : पश्चिम रोमन साम्राज्याचा अंत. पूर्वेकडील साम्राज्य मात्र १४५३ पर्यंत टिकले, हे सांगावयास विसरू नये.

बाराहून अधिक गाठी मारण्याचा मोह टाळावा. इतर सनावळी या गाठींच्या अलीकडे-पलीकडे बसवावी. वर्षे मोजताना एक चूक हमखास होते. ऑगस्टसने इ. स. पू. २७ पासून इ. स. १४ पर्यंत राज्य केले. ती वर्षे किती, असे विचारता मुले बेरीज करून ४१ सांगतात. शून्य नावाचे वर्ष नसल्यामुळे उत्तर ४० येते. तसेच इ. स. पू. पाचवे शतक म्हणजे ५०० ते ४०१, उलट्या क्रमाने. दोरीवर बोट ठेवून हे एकदा मोजून घेतले म्हणजे पुन्हा सांगावे लागत नाही.

३. व्यक्तींपेक्षा संस्था समजून घ्याव्यात

आपल्याकडे इतिहास बहुधा थोर पुरुषांच्या चरित्रांतून शिकविला जातो. लहान वयास ते योग्य आहे. परंतु मोठ्या परीक्षेत "पेरिक्लीस कोण होता?" यापेक्षा "अथेन्सचा कारभार कसा चाले?" हे विचारतात. प्रत्येक संस्थेस पुढील चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी : येथे कोणास प्रवेश होता? कोणास नव्हता? निवड कशी होई? आणि यांना अडविणारा कोण होता?

अथेन्सच्या लोकसभेत प्रत्येक प्रौढ पुरुष नागरिकास बसण्याचा व बोलण्याचा अधिकार होता. पाचशे जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. न्यायालयातील पंचही चिठ्ठ्यांनीच निवडले जात. गरिबासही काम सोडून तेथे बसता यावे म्हणून पेरिक्लीसने पंचांना भत्ता सुरू केला. वाद्यांनी किती वेळ बोलावे हे मोजण्यास मातीचे भांडे असे. त्यातून पाण्याची धार खालच्या भांड्यात पडे. आपल्या जुन्या घटिकापात्राची आठवण मुलांना द्यावी; भेद इतकाच की आपले पात्र पाणी आत घेऊन बुडे, त्यांचे पाणी बाहेर सोडून रिते होई. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले रहिवासी यांना या कारभारात स्थान नव्हते. इ. स. पू. ४५१ च्या सुमारास झालेल्या कायद्याने तर आई व बाप दोघेही अथेन्सचे असतील त्यासच नागरिकत्व मिळू लागले.

स्पार्टात एकाच वेळी दोन राजे, त्यांसह तीस जणांची वृद्धसभा आणि दर वर्षी निवडलेले पाच एफोर अशी रचना होती. मुलांना सातव्या वर्षी घरातून काढून लष्करी शिक्षणास घालीत. या सर्व इमारतीचा भार हेलट नावाच्या शेतकरी दासांच्या खांद्यावर होता. ते पिकवीत म्हणून स्पार्टाचा नागरिक भाला घेऊन हिंडू शके.

रोमच्या प्रजासत्ताकात दर वर्षी दोन कॉन्सल निवडत. दोन का? तर एकाने मनमानी केल्यास दुसऱ्याने थांबवावे. सामान्य जनांच्या वतीने ट्रिब्यून उभा राही व अधिकाऱ्याची आज्ञा अडवू शके. सिनेट ही अनुभवी सरदारांची सभा. नावाला सल्ला देणारी, प्रत्यक्षात सूत्रे हलविणारी. हे लक्षात आले म्हणजे प्रजासत्ताक व लोकशाही यांतील भेद कळतो, आणि पुढे एकाच माणसाच्या हाती सर्व अधिकार आले तेव्हा रोमने काय गमावले तेही कळते.

४. साधनांचे वाचन

या विषयाचा खरा गाभा येथे आहे. म्हणून येथे थोडे थांबू.

अथेन्समध्ये एक विलक्षण प्रथा होती. एखादा पुढारी फार प्रबळ होऊन नगरास धोका होईल असे वाटले, तर नागरिक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचे नाव कोरून टाकीत. एकंदर सहा हजार खापऱ्या पडल्या तरच मतदान ग्राह्य होई, आणि ज्याचे नाव सर्वाधिक त्याने दहा वर्षे नगर सोडून जावे लागे. त्याची मालमत्ता मात्र जप्त होत नसे. आपण एखाद्याच्या डोक्यावर खापर फोडतो. अथेन्सचे लोक त्याचे नावच खापरीवर लिहीत. सॅलमिसच्या विजयाचा शिल्पकार थेमिस्टोक्लीस यालाही इ. स. पू. ४७१ च्या सुमारास असेच जावे लागले.

इतके पाठ्यपुस्तकात असते. आता साधन पाहा. अथेन्सच्या टेकडीच्या उत्तर उतारावरील एका जुन्या विहिरीत, १९३७ साली, थेमिस्टोक्लीसचे नाव कोरलेल्या सुमारे १९० खापऱ्या एकत्र सापडल्या. अभ्यासकांनी अक्षरांची वळणे तपासली, तेव्हा त्या १९० खापऱ्या अवघ्या चौदा हातांनी लिहिल्याचे दिसून आले. मुलांना येथे थांबवून विचारावे : असे का असेल? कोणी म्हणेल, लिहिता न येणाऱ्यांसाठी चार लेखनिकांनी लिहून दिल्या असतील. कोणी म्हणेल, विरोधकांनी आधीच लिहून वाटावयास ठेवल्या असतील. दोन्ही तर्क संभवतात. कोणताही एक खरा धरला तरी, "प्रत्येक नागरिक स्वतः विचार करून मत देई" हे पुस्तकी वाक्य आता जसेच्या तसे उभे राहत नाही. निवडणुकीच्या आदल्या दिवशी गावात काय चालते हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला हा धडा समजावून सांगावा लागणार नाही.

हा प्रयोग वर्गातही करता येतो. फुटक्या कौलांचे तुकडे आणावेत व कोळशाने नावे लिहावीत. मात्र कोणत्याही मुलाचे नाव लिहू देऊ नये; लहान मनास ते लागते. "आजच्या दिवसापुरता कोणता खेळ बंद ठेवावा?" अशासारखा निरुपद्रवी विषय घ्यावा. मोजणी झाल्यावर दोन तुकड्यांवरील अक्षर एकाच हाताचे आहे काय, हे मुलांनीच शोधावे.

दुसरे साधन पॉम्पेईचे. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या या नगराच्या भिंतींवर रंगविलेल्या निवडणुकीच्या जाहिराती आजही वाचता येतात. "अमक्यास निवडा" असे सांगणारे कोण, तर पाव भाजणारे, कपडे धुऊन देणारे, फळे विकणारे यांचे समूह. त्यांत काही नावे स्त्रियांची आहेत. रोमन स्त्रीस मताचा अधिकार नव्हता. पण कोणास मत द्यावे हे भिंतीवर सांगावयास ती कचरली नाही. कायद्याच्या पुस्तकातून हे कधीच कळले नसते, भिंतीने सांगितले.

त्या उद्रेकाचे वर्णन धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटस यास लिहिलेल्या पत्रांत आहे. प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता व खाडीपलीकडून पाहत होता. त्याचा मामा लोकांना वाचविण्यास जहाजे घेऊन गेला आणि परतला नाही. साधन प्रत्यक्षदर्शीचे आहे, ही त्याची थोरवी. पत्रे अनेक वर्षांनी आठवून लिहिली आहेत, ही मर्यादा. या पत्रांच्या हस्तलिखितांवरून उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट अशी पुस्तकांतून सांगितली जात असे. २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तीत आपल्या गणनेने १७ ऑक्टोबर ही तारीख येते. त्यावर वर्ष नाही, तरी कोळशाचे अक्षर फार काळ टिकणारे नव्हे. म्हणून उद्रेक शरद ऋतूत झाला असावा, या मतास त्याने बळ मिळाले. वाद अजून मिटलेला नाही. पुस्तकातील सनावळीही पुराव्याने बदलू शकते, हे मुलांस सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

५. जेथे हा स्वतंत्र विषय आहे

इंग्लंडमधील शाळांत 'क्लासिकल सिव्हिलायझेशन' नावाचा परीक्षेचा विषयच आहे. त्यासाठी ग्रीक किंवा लॅटिन भाषा येण्याची अट नाही. अनुवाद वाचून अभ्यास करता येतो. तेथे २०१७ पासून शिकविल्या जाऊ लागलेल्या अभ्यासक्रमात सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यावयाच्या परीक्षेस दोन प्रश्नपत्रिका ठेवण्यात आल्या. प्रत्येकी ९० गुण व दीड तास. एकीत ग्रीस व रोम यांची तुलना करावी लागते, जसे धर्म व पुराणकथा किंवा स्त्रियांचे जीवन. दुसरीत एखादे साहित्य व त्या काळची संस्कृती. अठराव्या वर्षाच्या परीक्षेत होमरचे महाकाव्य व रोमन कवी व्हर्जिलचे 'ईनिड' यांचा अभ्यास असतो.

आपणास उपयोगी गोष्ट अशी की, त्या प्रश्नपत्रिकेत मडक्यावरील चित्र, इमारतीचा आराखडा किंवा ग्रंथातील उतारा छापून दिलेला असतो आणि त्यावर प्रश्न विचारतात. काय दिसते, हे सांगितल्यास थोडे गुण. त्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे सांगितल्यास अधिक गुण. ज्ञान व परीक्षण या दोन्हींचे माप घेतात. आपल्या चाचणीत दर वेळी असा एक जरी प्रश्न घातला, तरी मुलांच्या तयारीचे वळण बदलू लागेल.

६. उत्तर कसे लिहावे

दीर्घ उत्तरास पाच पायऱ्या असाव्यात : आपले म्हणणे, त्यास पुरावा, पुराव्याचा अर्थ, विरुद्ध बाजू किंवा मर्यादा, आणि निर्णय. "अथेन्सची लोकशाही ही खरी लोकशाही होती काय?" या प्रश्नास चिठ्ठ्यांनी होणारी निवड व पंचांचा भत्ता हा एका बाजूचा पुरावा; वगळलेल्या स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी हा दुसऱ्या बाजूचा. निर्णय काय द्यावा हे विद्यार्थ्याने ठरवावे. तो कोणताही असो, पुराव्यावर उभा असल्यास त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे होती. लोकशाहीचा पाठ शिकविताना मी अथेन्सची माहिती सांगितली व टिपण उतरवून दिले. चाचणीत "अथेन्समधील लोकशाहीची वैशिष्ट्ये लिहा" असा पाच गुणांचा प्रश्न घातला. सर्वांनी टिपण लिहिले. एका मुलीने मात्र असे लिहिले, की गुरुजी म्हणाले तेथे सर्व लोक सभेस जात. पण बायका जात नसत आणि गुलामही जात नसत, मग सर्व म्हणजे किती उरले? माझी आजी ग्रामसभेस जाते व बोलते. त्या बाबतीत आमचे गाव अथेन्सहून बरे आहे.

गुलामांचा उल्लेख मी एका गोष्टीच्या ओघात केला होता. तो तिने ध्यानात ठेवला होता. मी त्या उत्तराखाली लाल शाईने 'विषयांतर' असे लिहिले आणि पाचांपैकी एक गुण दिला. ती काही बोलली नाही. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तिने प्रत्येक उत्तर माझ्याच शब्दांत लिहिले व पैकीच्या पैकी गुण मिळविले. ते मला माझ्या अध्यापनाचे यश वाटले.

पुढे परीक्षणाविषयी वाचन वाढले, तेव्हा त्या वहीची आठवण झाली, आणि ती अजून जात नाही. आज तो कागद माझ्यासमोर आला तर मी चार गुण देईन. म्हणणे आहे, पुरावा आहे, तुलना आहे, निर्णय आहे. एक गुण यासाठी कापीन, की लोकसभा व पाचशेंचे मंडळ यांची माहिती दिलेली नाही. आणि ते कारण मी समासात नीट लिहीन. आपणास विनंती इतकीच, की टिपणाबाहेरचे वाक्य दिसले म्हणजे लाल शाई उचलण्यापूर्वी ते दोनदा वाचावे.

७. नेहमी होणाऱ्या चुका

ग्रीक व रोमन देवतांची सरमिसळ होते. झ्यूस व ज्युपिटर, पोसायडन व नेपच्यून, अथीना व मिनर्व्हा, एरीस व मार्स अशा जोड्यांचा तक्ता करून भिंतीस लावावा. ज्युलियस सीझरला मुले पहिला सम्राट म्हणतात. तो आजन्म सर्वाधिकारी होता, पहिला सम्राट म्हणून ऑगस्टसचे नाव घेतात. ग्लॅडिएटरांच्या झुंजी ग्रीकांच्या नव्हेत, रोमन जीवनातल्या होत. 'इलियड'मध्ये लाकडी घोड्याची व ट्रॉयच्या पाडावाची कथा येते असा पुष्कळांचा समज असतो. ते काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपते, आणि घोड्याचा वृत्तांत 'ओडिसी'त व विस्ताराने 'ईनिड'मध्ये येतो. शेवटची चूक लेखनाची : एकच नाव एका उत्तरात तीन प्रकारे लिहिणे. नावांचे एक रूप ठरवून वहीच्या शेवटच्या पानावर उतरून ठेवावे.

८. आपल्या भूमीशी असलेला दुवा

हा भाग प्रश्नपत्रिकेत येवो वा न येवो, मुलांना अवश्य सांगावा. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवर्णनात, ज्यास 'पेरिप्लस' म्हणून ओळखतात, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे. कल्याण, सोपारा व चौल यांचीही नावे त्यात येतात. पैठणचे अकीक व तेरचे कापड गाड्यांतून बंदरास जाई. भारताच्या मालापायी दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. उद्रेकात गेलेला तोच हा मामा. कार्ले येथील लेण्यांत धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख खांबांवर कोरलेले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडनची लहानशी धातूची मूर्ती मिळाली. उलटपक्षी, १९३८ साली पॉम्पेईतील एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली व ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती भोकरदन व तेर येथे मिळाल्या आहेत. मराठवाड्यातील मुलास पॉम्पेई दूर वाटण्याचे कारण नाही.

९. आठ आठवड्यांची आखणी

पहिला आठवडा नकाशे व दोरी यांस द्यावा. दुसरा व तिसरा ग्रीसच्या संस्थांस, चौथा ग्रीक साहित्य, धर्म व कला यांस. पाचवा व सहावा रोमचे प्रजासत्ताक व साम्राज्य यांस. रस्ते व पाणीपुरवठा यांचा विसर पडू नये, कारण इ. स. पू. ३१२ मध्ये रोमचा पहिला मोठा जलमार्ग व आपियन रस्ता एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत सुरू झाले. सातव्या आठवड्यात रोज एक साधन घेऊन वाचन करावे. आठव्यात घड्याळ लावून उत्तरे लिहून घ्यावीत व ती मुलांनी एकमेकांची तपासावीत. रोज रात्री पुस्तक मिटून, दिवसभरातील भाग आठवून पाच ओळी लिहिण्याचा नियम ठेवावा. वाचलेलेच पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याने विषय अधिक टिकतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

शेवटी एक काम सांगतो. येत्या शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एक अशी उत्तरपत्रिका आणावी, जीत मुलाने टिपणात नसलेले काही स्वतःचे लिहिले आहे. विषय कोणताही चालेल. विद्यार्थ्याचे नाव झाकून त्या आपण एकत्र वाचू, गुण देऊ आणि ते का दिले याची चर्चा करू. माझ्या हातून जे त्या वर्गात झाले ते आपल्या वर्गात होऊ नये, याचसाठी हा लेखनप्रपंच.